आकाशातलं भंगार

बीड जिल्ह्यात जमिनीखालचं काही ना काही शोधणाऱ्यांचा तोटा नाही. पाणाडी आहेत. तळहातावर नारळ आडवा ठेवून ते वावरभर चालतात, नारळ उभा राहिला की तिथं बोअर पाडायला सांगतात, आणि बोअरमधून नुसता फुफाटा निघाला तर तो शेतकऱ्याच्या नशिबाचा भाग असतो. गुप्तधनवाले आहेत. ते अमावास्येला निघतात आणि पौर्णिमेच्या आत बहुधा पोलीस ठाण्यात पोचतात. मोजणीत हरवलेला बांध शोधणारे तर घरटी एक आहेत. या सगळ्यांना काहीतरी पदरात पाडून घ्यायचं असतं. धारूरच्या मिस्त्रींचं तसं नाही. ते आकाशातून पडलेला दगड शोधतात, आणि सापडलाच तर सरकारला देऊन टाकायचा म्हणून पाकीट तयार ठेवतात. पाकिटावर पत्ता घातलेला आहे : भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, सेमिनरी हिल्स, नागपूर. दगड किती वजनाचा निघेल ते माहीत नसल्यामुळे तिकिटं जरा जास्तच लावली आहेत.

मिस्त्रींना नाव आहे, पण ते रेशनकार्डावर. बाकी जगाला ते मिस्त्री. मोटार वाइंडिंगचं दुकान, बोटांना कायमचा वॉर्निशचा वास, चष्म्याची मोडकी काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. रब्बीत त्यांना मान वर करायला सवड नसते. रात्रीची लाइट, कमी दाब, एका डीपीवर झेपणार नाहीत इतके आकडे. मोटारी पटापटा जळतात आणि मोटारसायकलच्या मागं बांधून त्यांच्या दारात येतात. होळी झाली की बोअर आटतात. पाणी नाही म्हणून मोटार चालत नाही, आणि चाललीच नाही तर जळणार कुठून? तेव्हा मिस्त्री रिकामे, आणि नेमकी त्याच वेळी रानंही रिकामी, नांगरून टाकलेली. होळी ते मृग हा त्यांचा शिकारीचा हंगाम.

हे वेड लागलं ते मार्च २०२५ मध्ये. वडवणी तालुक्यातल्या खळवट लिमगावात आकाशातून दगड पडल्याची बातमी आली. एक म्हणे घराच्या पत्र्यातून थेट आत. वडवणी म्हणजे आम्हाला घाट उतरून तेलगाव ओलांडलं की आलंच. सगळा जिल्हा दोन दिवस वर बघत फिरला आणि तिसऱ्या दिवशी राजकारणाकडं वळला. मिस्त्री वळले नाहीत. त्यांचा मुद्दा साधा होता. हवेत शिरलेला दगड फुटतो, तुकडे लांबट पट्ट्यात सांडतात. तेव्हा एखाददुसरा घरावर पडला असेल तर बाकीचे रानात पडले असणार, कारण जिल्ह्यात घरांपेक्षा रान जास्त आहे. काटोलचा दाखला त्यांना तोंडपाठ. नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला २२ मे २०१२ रोजी भर दुपारी आकाशात धडाके झाले आणि गावात नि आसपास तुकडे मिळाले. "तिथं लोकांनी नुसत्या डोळ्यानं हुडकले," मिस्त्री म्हणतात, "आपल्याकडं तर मशिन आहे."

मशिन त्यांनी स्वतः केलं. बाजारात मिळतं त्याची किंमत ऐकून ते म्हणाले, "एवढ्यात दोन सबमर्सिबल येतात," आणि कामाला लागले. प्लॅस्टिकच्या परातीच्या कडेनं वाइंडिंगची तार गुंडाळली, पीव्हीसी पाइपचा दांडा, दुरुस्तीला आलेल्या आणि मालक विसरलेल्या टेपरेकॉर्डरचा स्पीकर. ते कसं चालतं हे कुणी विचारलं की मिस्त्री खुलतात. तारेतून उलटसुलट वीज सोडली की भोवती चुंबकाचं क्षेत्र तयार होतं. त्यात धातू आला की धातूच्या अंगात विजेचे भोवरे उठतात, आणि त्या भोवऱ्यांची चाहूल तारेला लागते. मोटारीचा गाभा अखंड लोखंडाचा न करता पातळ पत्र्या एकावर एक रचून का करतात? हेच भोवरे दाबायला. नाहीतर मोटार तापते. "पस्तीस वर्षं मी भोवरे मोडत आलो," ते म्हणतात, "आता त्यांनाच कामाला लावलंय." धंद्यातल्या शत्रूला नोकरीवर ठेवणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

आता अडचण एकच आहे, पण ती जरा मोठी आहे. ती म्हणजे महाराष्ट्र.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहिला, थरावर थर बसले आणि आपला काळा पाषाण झाला. या पाषाणात लोहखनिजाचे बारीक कण असतात. चुंबक दोऱ्याला टांगून जवळ नेला तर तो थोडा का होईना झुकतो. वर हे गोटे काळे, ऊन-पावसानं कांद्यासारखे पापुद्रे सुटून गोल झालेले, वजनाला भारी. अशनीची, म्हणजे आकाशातून पडलेल्या दगडाची, ओळख म्हणून पुस्तकात जी पहिली तीन लक्षणं देतात, ती आमच्या बालाघाटातल्या यच्चयावत दगडांना लागू पडतात. मशिनलाही तोच त्रास. शांत जागा म्हणून उकिरड्यापासून लांब जावं तर मातीच कुईं करते. मिस्त्रींनी त्यासाठी एक बटण बसवलं आहे. ते फिरवून आधी जमिनीला गप्प करायचं आणि मग शोधायचं. पण हाताएवढं अंतर गेलं की जमीन पुन्हा बोलायला लागते.

जगात हे काम करणारे शहाणे लोक वाळवंटात जातात, नाहीतर अंटार्क्टिकावर. पांढऱ्या बर्फावर काळा दगड कोसभरावरून दिसतो. मिस्त्री काळ्या रानात, काळ्या दगडांमध्ये, काळा दगड शोधतात. त्यात आमची माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगाळते. भेगेत गेलेला दगड गेला तो गेलाच, आणि आतलं लोखंड चार पावसाळ्यांत गंजून जातं. म्हणून भारतात नोंदलेले अशनी जवळजवळ सगळे पडताना कुणीतरी पाहिलेले आहेत. मागाहून हुडकून सापडलेले फार थोडे. हे मी मिस्त्रींना एकदा समजावून सांगायला गेलो. ते शांतपणे म्हणाले, "पण आजवर मशिन घेऊन गेलंय कोण?" या प्रश्नाला भूगर्भशास्त्रात उत्तर असेल, माझ्याकडं नव्हतं.

सकाळी ऊन चढायच्या आत ते कुणाच्या तरी रानात उतरतात. सांडशी, खुरपं, पाण्याची बाटली, कानाला स्पीकर. पहिल्या आवाजाला ते गुडघ्यावर बसतात आणि अतिशय अदबीनं माती बाजूला करतात. बैलाच्या खुराची नाल. दुसऱ्या आवाजाला पाभरीच्या फणाचं टोक. मग ट्रॅक्टरचा नट, विळ्याची मोड, गाडीच्या चाकाच्या धावेचा तुकडा, कोयत्याची मूठ नसलेली पाती, वेसणीची कडी, आणि गुटख्याच्या पुड्या, पुड्या, पुड्या. पुडीत चांदीसारखा कागद असतो, त्याला मशिन फार मानतं. मिस्त्रींचं म्हणणं, या जिल्ह्यात जमिनीच्या वरच्या थराला भूगर्भशास्त्रज्ञांनी गुटख्याचं नाव द्यायला हरकत नाही. निघालेलं सगळं ते पिशवीत घालतात. लोखंड भंगारवाल्याला जातं, पुड्या चुलीत.

पण माणूस पहाटे रानात मशिन फिरवतो आहे, ही बाब मराठवाड्यात दगडावर थांबत नाही. निजामाच्या राज्यात लोकांनी हाली शिक्क्याचे रुपये हंड्यात भरून पुरले, असं प्रत्येक गावाला वाटतं. आणि हंडा नेहमी शेजारच्या वाड्यात असतो. बांधावर पहिल्यांदा एक पोरगं येतं, मग दोन म्हातारे, मग सगळं गाव.

"काय हुडकायलाव मिस्त्री?"

"दगड."

यावर जी शांतता पसरते तिच्यात प्रत्येकजण मनातल्या मनात वाटा मोजत असतो. दगड हुडकायला कुणी मशिन आणतं होय? मग एकजण जवळ येऊन खालच्या आवाजात विचारतो, "निम्मं-निम्मं?" मिस्त्री मान डोलावत नाहीत. तो म्हणतो, "बरं, साठ-चाळीस. रान माझं हाय, एवढं ध्यानात ठेवा." एकदा तर एक मांत्रिक येऊन चिडून गेला. त्याच्या लिंबू-हळदीच्या धंद्यावर यंत्र आलं असं त्याला वाटलं, आणि खरं म्हणजे त्याचं दुःख मला समजलं; यंत्रानं माणसाची रोजी जाते हा प्रश्न जगभर आहे.

म्हणून मिस्त्री खिशात एक झेरॉक्स बाळगतात : १८७८ चा निखात निधीचा कायदा. जमिनीत दडवलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. हा कागद ते पोलीस पाटलाला दाखवतात, आणि पाटील तो गंभीरपणे वाचून विचारतात, "मंजी दहा रुपयापतूर आपलंच?" बैलाची नाल भंगारात दहाच्या आतच जाते, त्यामुळं कायद्याचा भंग आजवर झालेला नाही.

मिस्त्रींची खरी ओळख पटते ती दुकानात. लिमगावच्या बातमीनंतर आणि त्यांच्या मशिनची कीर्ती पसरल्यावर लोक दगड घेऊन त्यांच्याकडं यायला लागले. टोपलीतून, दुपारच्या एसटीनं, लग्नाच्या आहेराच्या पिशवीतून. प्रत्येकाचा दगड अस्सल. एकानं तो पडताना पाहिला, एकाच्या आजोबांनी पाहिला, एकाच्या म्हशीनं पाहिला आणि त्या दिवसापासून ती दूध कमी देते.

मिस्त्री प्रत्येक दगडाची रीतसर तपासणी करतात, टोपलीतला असो की म्हशीचा. आधी चुंबक. मग बाथरूमच्या फरशीची मागची खरबरीत बाजू. तिच्यावर दगड घासायचा. लाल रेघ उठली तर गेरूच्या जातीचं खनिज, काळी उठली तर लोहचुंबकाचं, आणि अशनी बहुधा रेघ ओढतच नाही. मग वजन, एकदा हवेत आणि एकदा बादलीत बुडवून. पाण्याच्या तिप्पट आलं की आपलाच काळा पाषाण; साडेतीनपटीच्या आसपास आलं तर मिस्त्रींचा आवाज जरा बसतो. मग ग्राइंडरवर नखाएवढी खिडकी पाडून भिंगातून आत बघायचं. दगडात भोकं-भोकं दिसली की खलास. लाव्ह्यात हवेचे बुडबुडे राहतात, अशनीत जवळजवळ कधीच नाही. आत लोखंडाचे चमचमते कण विखुरलेले दिसले तर शेवटची परीक्षा निकेलची. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून कुणीतरी त्यांना एक रसायन आणून दिलं आहे. निकेल असलं की ते गुलाबी होतं. आजवर गुलाबी रंग एकदाच उतरला, तो पाच रुपयांच्या जुन्या जाड नाण्यावर.

आणि मग ते निकाल देतात. "नाही." हा शब्द ते इतक्या मायेनं उच्चारतात की ऐकणाऱ्याला आपला दगड चांगल्या घरचा आहे असं वाटतं. नापास दगड ज्याचा त्याला परत, सोबत तो काय आहे याची माहिती. एक म्हातारी लांबून लोखंडाच्या भट्टीची जुनी मळी घेऊन आली होती. जड, काळी, वितळल्याच्या खुणांची. मिस्त्रींनी तिला वैद्यबुवांकडं धाडलं. वैद्यबुवा त्याला मंडूर म्हणाले, रक्त वाढवायच्या भस्माला लागतं म्हणाले, आणि तिला शंभर रुपये दिले. आकाशातून पडलेल्या कुठल्याही दगडानं या तालुक्यात अजून एवढी कमाई केलेली नाही.

पांढऱ्या गाडीतून आलेल्या दोघांचं प्रकरण मात्र वेगळं. गळ्यात साखळी, हातात फाइल, फाइलीत मोठमोठ्या सरकारी संस्थांच्या नावाची शिक्के मारलेली पत्रं, त्यांत इंग्रजीच्या चुका. त्यांच्याकडं 'राईस पुलर' होता. वीज पडून दैवी झालेली तांब्याची तबकडी. तांदूळ ओढते, परदेशात कोटींना जाते, फक्त आधी तपासणीची फी भरायची. या सापळ्यात देशभर भले भले लोक लाखांनी बुडाले आहेत. त्या दोघांनी टेबलावर तांदूळ पसरले, तबकडी जवळ आणली, आणि खरंच दोन-चार दाणे सरसरत गेले. बघणारे अवाक. मिस्त्रींनी तबकडीकडं बघितलंसुद्धा नाही. एक दाणा उचलून दाताखाली धरला, फोडला, आणि आतली केसाएवढी तार चिमटीत धरून दिव्यासमोर नेली. "छत्तीस गेज," म्हणाले. "पण पोलादी आहे. कुठून घेता? आमच्याकडं मिळत नाही." दोघं निघाले तेव्हा फाइल विसरले. मिस्त्री पळत जाऊन ती गाडीत देऊन आले. पोलिसांना का नाही कळवलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "दाण्यात तार घालायची म्हणजे केवढं बारीक काम आहे!"

घरात या सगळ्याला वहिनींची मान्यता नाही, पण उपयोग आहे. ज्या दगडांचे मालक परत आले नाहीत त्यांतून त्यांनी तुळशीचा कट्टा बांधून घेतला. ज्या एका दगडाचं वजन साडेतीनपट आलं होतं आणि जो शेवटी भोकं निघून बाद झाला, तो लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून आहे. मिस्त्रींनी यावर आक्षेप घेतला. अमेरिकेत मिशिगनमधल्या एका घरात दहा किलोचा दगड वर्षानुवर्षं दाराला अडवण म्हणून ठेवला होता, आणि २०१८ मध्ये तो अशनी निघाला, लाख डॉलर किमतीचा. तेव्हा दगडाचा अपमान करू नये. वहिनी म्हणाल्या, "मग अपमान केल्यानंच किंमत आली की त्याला." मिस्त्री त्यानंतर लोणच्याबद्दल बोललेले नाहीत.

वहिनींना मशिनचा राग नसायचं आणखी एक कारण आहे. खळ्यावर पडलेली जोडवी, सोयाबीनच्या भुसात गेलेला डोरल्यातला मणी, कानातलं फूल. असं काही हरवलं की बाया आधी वहिनींकडं येतात. मिस्त्री जातात, मुकाट्यानं परात फिरवतात, वस्तू काढून देतात, चहा पितात. या कामाचे ते पैसे घेत नाहीत, आणि याचा त्यांना अभिमानही नाही. जोडवं सापडलं की उलट त्यांचा चेहरा पडतो. आवाज ऐकून त्यांना दरवेळी दुसरंच काहीतरी वाटलेलं असतं.

लोणारला ते जाऊन आले. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, आणि तेही आपल्याच काळ्या पाषाणात. मिस्त्रींसाठी ते आळंदी-पंढरपूर एकत्र. कडेला उभं राहून त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "एवढा खड्डा पाडणारा गेला कुठं?" तो आदळतानाच्या उष्णतेनं बहुतेक वाफ होऊन गेला, असं तिथल्या कुणीतरी सांगितलं. मिस्त्रींना हे पटलं, पण आवडलं नाही. मोटार जळली तरी गाभा उरतो, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. येताना ते मोठ्या मारुतीला गेले. ती मूर्ती चुंबकी दगडाची आहे असं लोक मानतात. खिशातला चुंबक त्यांनी देवळाबाहेर चपलेत ठेवला. देवाची परीक्षा घेऊ नये म्हणाले. नाही म्हणायची वेळ आली तर पंचाईत.

यंदाच्या उन्हाळ्यात एका रात्री आकाशात हिरवट गोळा सरकत गेला आणि मिस्त्रींचा फोन वाजायचा थांबेना. असे गोळे पाहून फसायची भीती असते. २ एप्रिल २०२२ ला, ऐन पाडव्याच्या रात्री, विदर्भावरून जळत गेलेल्या रेघा लोकांनी उल्का म्हणून पाहिल्या, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळच्या लाडबोरीत धातूचं भलंमोठं कडं पडलं. ते चिनी रॉकेटचं निघालं. पण रॉकेटचे अवशेष सावकाश, तुकड्यातुकड्यांनी जातात. हा गोळा दोन-तीन सेकंदांत संपला होता. मिस्त्रींनी झोप सोडली.

ज्यानं त्यानं तो आपल्याच गावामागच्या टेकडीपलीकडं पडताना पाहिला होता. केजकडचा गडी शपथेवर सांगत होता, तेलगावचा दुकानदार बेलभंडारा उचलायला तयार होता, पाटोद्याकडच्या एका मास्तरांना तर धप्प आवाज आला होता. असंच होतं. गोळा जमिनीपासून वीस-तीस किलोमीटर उंचीवरच विझतो, तिथून पुढं दगड अंधारात खाली येतो. आणि शंभर किलोमीटरवरचा उजेडसुद्धा बघणाऱ्याला आपल्या बांधाला टेकल्यासारखा वाटतो. मिस्त्री प्रत्येकाकडं रात्री गेले, त्याच वेळेला, त्याच जागी त्याला उभं केलं आणि हातात काठी देऊन दिशा दाखवायला सांगितली. होकायंत्र त्यांनी नेलं नाही, ते आमच्या खडकापाशी ढळतं. ध्रुवतारा धरून कोन मोजला. मग दुकानात जिल्ह्याचा नकाशा पसरला आणि मोटारीच्या शाफ्टची पट्टी लावून तीन रेघा ओढल्या.

रेघा एकमेकींना छेदल्या. माजलगावच्या धरणात, बरोबर मधोमध.

मला वाटलं, संपलं. मिस्त्री नकाशाकडं बघत म्हणाले, "सबमर्सिबल मोटार पाण्यातच चालते ना? तिची तार वेगळी असते. प्लॅस्टिकचा थर असलेली." आणि फळीवरून वेटोळं काढून परात गुंडाळायला घेतली. हात चालू असताना ते मला रशियातली गोष्ट सांगत होते. २०१३ च्या ऑक्टोबरात चेबारकुल तळ्याच्या तळातून दगड काढला, मोजायला काट्यावर ठेवला, आणि पाचशेसत्तर किलोच्या आकड्याला काटाच मोडला. पाण्यातून निघू शकतो म्हणजे निघू शकतो. दुसऱ्या दिवशी ते धरणावर जाऊन मासेमारी करणाऱ्या एका मामांना भेटून आले. होडीचं भाडं ठरलं. पण मामांचं म्हणणं, मधोमध फार खोल. धरण एकदा पार खाली गेलं तरच परात तळाला लागेल, आणि ते होणार पाऊस दगा देईल त्या साली.

तेव्हापासून मिस्त्रींच्या मनात द्वंद्व चालू आहे. धरण भरावं म्हणून सगळा तालुका देव पाण्यात घालून बसतो, मिस्त्रीही बसतात. शेवटी पाणी असलं तरच मोटारी चालणार आणि जळणार. पण देवळात सगळे पावसाचं मागणं मागतात तेव्हा यांचा आवाज हल्ली जरा बारीक येतो. हे चारचौघांत बोलायचं नाही, लोक मारतील, असं वहिनींनी त्यांना बजावलं आहे. म्हणून ते फक्त माझ्यापाशी बोलले, आणि मीही ते कुणाला सांगणार नाही असं कबूल केलं आहे.